धोक्यांची वही : डबे आणि दुर्बिणी बनवणाऱ्या एका कारखान्याचा धडा

फुलसावंगीचे नाव सगळ्या देशात पोहोचले ते ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि पोहोचले ते एका मयतीच्या बातमीने. आमच्या गावातला चोवीस वर्षांचा फॅब्रिकेशन कारागीर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची रात्री जमिनीवरच चाचणी घेत होता. मारुती ८०० गाडीचे इंजिन बसवलेले, एका माणसाचे हेलिकॉप्टर. मागचा पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पात्यावर आदळला आणि ते पाते आत बसलेल्या मुलाच्या डोक्याला लागले. घरच्या दुकानात कपाटे आणि कूलर बनवणारा मुलगा. जवळजवळ दोन वर्षे त्याने या कामात घातली होती. त्याचे नाव इथे लिहीत नाही. गावाला ते पाठ आहे, आणि घरच्यांचे दुःख पुन्हा उकरण्याचा आमचा हेतू नाही.

त्या दिवसांत पुष्कळ लोक म्हणाले, "कपाट बनवणाऱ्याने आकाशात उडायला जाऊ नये." हे म्हणणे आम्हाला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. मुंबईच्या विक्रोळीला गोदरेजचा कारखाना आहे. १८९७ साली कुलपांपासून सुरुवात केलेल्या या घराण्याने १९२३ पासून लोखंडी कपाटे बनवली, आणि त्याच कारखान्याने पुढे इस्रोच्या अग्निबाणांसाठी विकास नावाचे इंजिन बनवून दिले. पत्रा वाकवणारा हात अग्निबाणापर्यंत जाऊ शकतो. म्हणजे प्रश्न कपाटाचा नाही आणि हुनर कमी पडण्याचाही नाही. दोन्हीकडे कामाचा धोका सारखाच असतो. फरक इतकाच की एका ठिकाणी तो धोका आधी कागदावर लिहिला जातो, वाटून दिला जातो, आणि दुसऱ्या ठिकाणी तो एकट्या कारागिराच्या डोक्यावर राहतो.

हा फरक दाखवण्यासाठी आज अमेरिकेतल्या एका कारखानदाराची हकिकत सांगतो. त्याचा एक पाय आपल्या महाराष्ट्रातही आहे. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत पेयांचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे बनवणारा कारखाना आहे. हिंदुस्थान टिन वर्क्स आणि ब्रिटनची रेक्सॅम यांच्या भागीदारीतून तो उभा राहिला, नंतर पुरा रेक्सॅमकडे गेला आणि २०१६ साली बॉल कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने रेक्सॅमच विकत घेतल्यामुळे बॉलचा झाला. आमच्या नात्यातला एक मुलगा तळोज्याला मालवाहतुकीच्या कामात आहे. त्याने सुट्टीत घरी आल्यावर सांगितले की डबे बनवणाऱ्या या कंपनीने आकाशातल्या दुर्बिणीही बनवल्या आहेत. आम्हाला आधी ती थापच वाटली. चौकशी केली तर खरी निघाली.

दोनशे डॉलरची उधारी

१८८० साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात फ्रँक आणि एडमंड बॉल या भावांनी चुलत्याकडून दोनशे डॉलर उसने घेऊन धंदा सुरू केला. माल काय, तर रॉकेल आणि रंग ठेवायचे पत्र्याचे डबे, बाहेरून लाकडाचे आवरण घातलेले. पुढे पाचही भाऊ धंद्यात आले. १८८४ मध्ये त्यांनी घरोघरी फळे, भाज्या टिकवून ठेवण्याच्या काचेच्या बरण्या सुरू केल्या आणि त्यातच त्यांचे नाव झाले. १८८६ साली बफेलोचा कारखाना आगीत जळाला. तेवढ्यात इंडियाना राज्यातल्या मन्सी गावाने बोलावणे पाठवले: जागा देतो, भट्टीला जमिनीखालचा गॅस फुकट देतो, या. भाऊ १८८७ मध्ये तिकडे गेले.

इथे थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. त्या गावाला तो गॅस कधीच संपणार नाही असे वाटत होते. गावात रात्रंदिवस दिवे जळत होते. विसावे शतक उजाडल्यावर थोड्याच वर्षांत गॅस आटला. ज्या काच कारखान्यांचा सगळा हिशेब फुकटच्या गॅसवर बसला होता ते उठून गेले किंवा बंद पडले. बॉल बंधू टिकले, कारण तोवर त्यांनी यंत्रे घेतली होती, बाजार बांधला होता आणि विकत घेतलेल्या इंधनावरही बरणी परवडेल असा हिशेब केला होता. स्वस्त वीज, अनुदान किंवा ओळखीच्या माणसाचे बिनभाड्याचे गोदाम पाहून धंदा मांडणाऱ्या आमच्या बांधवांनी मन्सीचा गॅस लक्षात ठेवावा.

१९५६ मध्ये वजनाचे अचूक यंत्र मिळवण्याच्या खटपटीत कंपनीचा संबंध कोलोरॅडो विद्यापीठात अग्निबाणांवर काम करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांशी आला, आणि बरण्यांच्या कंपनीत अवकाशाचे खाते उघडले. १९६२ साली सूर्याचे निरीक्षण करणारा त्यांनी बनवलेला उपग्रह आकाशात गेला. १९६९ मध्ये एक लहान कंपनी विकत घेऊन ते पेयांच्या डब्यात उतरले. ज्या बरण्यांनी नाव दिले तो धंदा १९९३ मध्ये त्यांनी वेगळा काढून दिला. म्हणजे डबा, मग बरणी, मग पुन्हा डबा, आणि बाजूला आकाश. आपल्याकडे तीन पिढ्या एकच माल विकणे हा मान समजला जातो. आम्हीही तसेच समजत आलो आहोत. पण वडिलांच्या काळात आमच्या दुकानात धोतरे आणि नऊवारी लुगडी हाच मुख्य माल होता. त्यावरच बसून राहिलो असतो तर आज हे लिहायला दुकान उरले नसते.

अहवालातले ते प्रकरण

अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना २००५ पासून सरकारकडे द्यायच्या वार्षिक अहवालात एक स्वतंत्र प्रकरण लिहावे लागते. नाव 'धोक्याच्या बाबी'. आमचा धंदा कशाकशाने बुडू शकतो हे कंपनीने स्वतः, आपल्या सहीने सांगायचे. आपल्या देशातही शेअर विक्रीला काढणाऱ्या कंपनीला माहितीपत्रकात असेच लिहावे लागते.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, मराठी बाजारात शिकलो, इंग्रजी तर जेमतेम. भाच्याला शेजारी बसवून बॉलच्या अहवालातले ते प्रकरण समजून घेतले. पहिल्यांदा हसू आले. जो दुकानदार गिऱ्हाइकासमोर "मंदी आहे" एवढेही म्हणत नाही, त्याच्या दृष्टीने ही उघड बदनामीच. दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा हसू गेले, कारण त्यातल्या निम्म्या बाबी आमच्या दुकानाला तशाच्या तशा लागू होत्या.

पहिली बाब मोठ्या गिऱ्हाइकाची. डबे घेणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, थंड पेयांच्या आणि बिअरच्या. (बिअरशी आपल्याला कर्तव्य नाही. पण डब्याच्या धंद्याचा मोठा हिस्सा त्यावर आहे, हे लपवून धडा पुरा होत नाही.) यातले एक मोठे गिऱ्हाईक गेले तर एखादा कारखानाच रिकामा बसतो. २०२३ मध्ये अमेरिकेत एका नावाजलेल्या बिअरवर तिच्या जाहिरातीवरून बहिष्कार पडला. त्या भांडणात डबे बनवणाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता, तरी त्याचाही खप खाली आला. गिऱ्हाइकाचे भांडण आपल्या गल्ल्यात येते ते असे.

दुसरी बाब धातूच्या भावाची. पेयाचा डबा बारा-तेरा ग्रॅम वजनाचा. त्याची भिंत कागदासारखी पातळ, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या गुंडाळीतून वाट्या कापायच्या, त्या ओढून ओढून उंच करायच्या, आणि हे सगळे मिनिटाला हजारोंच्या वेगाने. मजुरीत नफा थोडा, मालाच्या किमतीत धातूच जास्त. आता धातूचा भाव पाहा. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर लंडनच्या बाजारात अ‍ॅल्युमिनियम टनाला चार हजार डॉलरच्या घरात गेले. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत ते सव्वादोन हजारांच्या आसपास उतरले. सहा महिन्यांत जवळजवळ निम्मे.

यात डबेवाला का बुडत नाही? कारण करार. गिऱ्हाइकाशी अनेक वर्षांचा लेखी करार असतो आणि त्यात दोन भाग वेगळे असतात: धातूचा भाव बाजाराप्रमाणे गिऱ्हाइकाच्या माथी आणि बनवण्याची मजुरी ठरलेली. शिवाय पुढच्या महिन्यांसाठी वायद्याचे सौदे करून भाव बांधून घेतात. तरीही अहवालात ते लिहितात की वाढलेला सगळा खर्च प्रत्येक वेळी पुढे ढकलता येईलच असे नाही, आणि डबा फार महाग झाला तर गिऱ्हाईक काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीकडे वळेल.

हे ऐकताना आम्हाला २०१० सालची आमची गोष्ट आठवली. त्या पावसाळ्यानंतर एका संस्थेकडून गणवेशाची मोठी मागणी मिळाली. एवढे मोठे काम आमच्या दुकानाला पूर्वी कधी आले नव्हते. भाव तोंडी ठरला, बयाणा नावालाच, माल मार्चपर्यंत द्यायचा. कागद केला नाही. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवा हा आदेश आपल्याला लहानपणापासून शिकवलेला आहे, आणि मोठ्या गिऱ्हाइकासमोर तोच आपण विसरतो, मागायची लाज वाटते म्हणून. त्या हंगामात कापूस भडकला. खंडीला तीस हजारांच्या आसपास असलेला रुईचा भाव मार्च २०११ पर्यंत साठ हजारांच्या वर गेला. सूत चढले, कापड चढले, भिवंडीचा ठोक व्यापारी रोज नवा भाव सांगू लागला. संस्थेने ठरलेल्या भावावर बोट ठेवले. त्यांची चूक नव्हती, बोलणे तसेच झाले होते. शब्द दिला म्हणून माल पुरवला आणि प्रत्येक गणवेशामागे पदरचे घातले.

इतके होऊन शहाणपण आले असते तर ठीक. पण आता भाव आणखी चढणार या भीतीने आम्ही ऐन मार्चात उसनवारी करून पुढच्या वर्षाचे कापड भरून ठेवले. त्यानंतर काही महिन्यांतच रुई पुन्हा निम्म्यावर आली. ते तागे विकायला दोन दिवाळ्या गेल्या. पहिला तोटा भाव न बांधल्याचा, दुसरा चुकीच्या वेळी बांधल्याचा. आज कोणी विचारले तर आम्ही एवढेच सांगतो की मजुरी आणि मालाचा भाव एका आकड्यात बोलू नये. शिलाईचे इतके आणि कापड त्या दिवसाच्या बिलाप्रमाणे, असे दोन ओळींत लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. ग्रिल आणि दरवाजे बनवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. लोखंडाचा भाव काही आपल्या वर्कशॉपमध्ये ठरत नाही.

भंगारच्या धंद्यातले बांधव हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. खाणीतल्या मातीपासून अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी वीज लागते, तिच्या सुमारे पाच टक्क्यांत जुना डबा वितळून नवा धातू मिळतो. त्यामुळे डबेवाल्या कंपन्यांना भंगार हवेच असते, आणि लंडनला भाव हलला की उमरखेडच्या भंगारवाल्याच्या वजनकाट्यावरही तो हलतो.

मागणीचा भ्रम

तिसरी बाब आम्हाला सर्वांत मोठी वाटते, आणि ती बॉलला चांगलीच बाधली. २०२० च्या महामारीत हॉटेले बंद झाली, लोक घरी बसून डब्यातले पेय पिऊ लागले. अमेरिकेत डब्यांचा तुटवडा पडला. बॉलने नवे कारखाने काढले, जुने वाढवले. दोन वर्षांत वारे फिरले. महागाई आली, लोकांनी हात आखडला, आणि २०२२ मध्ये कंपनीने फिनिक्स आणि सेंट पॉल या शहरांतले आपले जुने कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. म्हणजे एका हाताने बांधणे आणि दुसऱ्या हाताने कुलूप लावणे.

एवढ्या मोठ्या कंपनीला हिशेबनीस कमी नव्हते. पण तुटवड्याच्या दिवसांत आलेली मागणी कायमची वाटते. त्याच साली आमच्या भागातही काही शिंप्यांनी मास्क शिवायला जादा मशिनी हप्त्यावर घेतल्या होत्या. पुढच्या वर्षी मास्क कोणी फुकट घेईना, हप्ता मात्र चालू राहिला.

चौथी बाब सरकार आणि राजकारण. रशियात बॉलचे डब्यांचे मोठे कारखाने होते. युद्धानंतर तो सगळा धंदा सप्टेंबर २०२२ मध्ये ५३ कोटी डॉलरला विकून कंपनी बाहेर पडली. माल चांगला, कामगार चांगले, गिऱ्हाईक होते, तरी जावे लागले. अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवर २०१८ मध्ये दहा टक्के जकात बसवली, ती २०२५ मध्ये आधी पंचवीस आणि मग पन्नास टक्के केली. आपल्याकडे २०२५ मध्ये अशा डब्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले, तेव्हा परदेशी डबे आणणे अडले आणि पेयवाल्यांची धावपळ झाली. सरकारी कागदाने एकाचा धंदा थांबतो आणि दुसऱ्याचा वाढतो. विदर्भातल्या जुन्या कापूस व्यापाऱ्यांना हे सांगायला नको. १९७२ मध्ये सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली तेव्हा किती पेढ्यांचे काम बसले, हे आम्ही वडिलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे.

आकाशाचा धंदा

आता दुसरे खाते. डब्याच्या धंद्यात गिऱ्हाइके थोडी, तर आकाशाच्या धंद्यात जवळजवळ एकच: अमेरिकेचे सरकार. सरकार पैसे बुडवत नाही, पण अंदाजपत्रक अडकले की काम अडकते, आणि सरकारी करारात एक कलम असे असते की सरकार आपल्या सोयीसाठी केव्हाही काम थांबवू शकते. दुसरे असे की ठरलेल्या किमतीत काम घेतले आणि वस्तू आजवर कोणी बनवलेलीच नसली, तर खर्च किती येईल हे बनवून झाल्यावरच कळते. आमच्या गणवेशाचीच गोष्ट, फक्त रक्कम कोटींत.

पण या धंद्यातली खरी शिकवण पैशाची नाही, चाचणीची आहे. १९९० साली हबल ही मोठी दुर्बीण आकाशात सोडली गेली. तिचा मुख्य आरसा दुसऱ्या एका कंपनीने घासला होता. वर गेल्यावर कळले की चित्रे धूसर येतात. आरशाच्या कडेला केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी चूक होती. का झाली? आरसा तपासण्याचे जे उपकरण होते, त्यातच एक भाग सुमारे सव्वा मिलिमीटरने चुकीच्या जागी बसला होता. दुसऱ्या, साध्या उपकरणाने चूक दाखवलीही होती. पण मोठे उपकरण जास्त अचूक, तेव्हा साधेच चुकत असणार, असे समजून ती नोंद बाजूला ठेवली. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन जे दुरुस्तीचे आरशांचे यंत्र बसवले, ते या बॉल कंपनीने बनवलेले होते.

पुढे जेम्स वेब दुर्बिणीचे अठरा आरसेही बॉलच्या देखरेखीखाली तयार झाले. ती २५ डिसेंबर २०२१ रोजी वर गेली. या दुर्बिणीला दुरुस्त करायला कोणी जाऊ शकणार नव्हते. म्हणून आरसे आधी पृथ्वीवरच एका मोठ्या बंद खोलीत शून्याखाली सुमारे दोनशे चाळीस अंशांपर्यंत गार केले, गारव्याने ते किती वाकतात ते मोजले, आणि तेवढे हिशेबात धरून पुन्हा घासले. बिघाड व्हायचा तर तो इथेच, सर्वांच्या डोळ्यांदेखत आणि दुरुस्तीची सोय असताना व्हावा, अशी व्यवस्था केली.

फुलसावंगीत त्या रात्री हीच व्यवस्था नव्हती. हेलिकॉप्टरचे पाते बनवणारे कारखाने नवे पाते आधी एका मनोऱ्यावर बसवून, माणसे आडोशाला ठेवून फिरवतात. तुटायचे ते तिथे तुटते. आमच्या मुलाजवळ मनोरा कुठला? पण रिकाम्या सीटवर वाळूचे पोते ठेवून, लांब तारेने इंजिन चालू करून पाते फिरवता आले असते. हे त्याला सांगणारा कोणी त्याच्याजवळ नव्हता, ही खरी खंत. आम्ही गावातले चार दुकानदार त्याचे कौतुक करत होतो, "बेटा, कधी उडवतोस?" असे विचारत होतो. "पाते तुटले तर काय?" असे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. आम्हीही नाही.

दुसरा मार्ग होता हेही लिहिले पाहिजे. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवले. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोंदणी व्हायला २०१७ उजाडले, आणि उड्डाणाच्या परवानगीसाठी त्यांना २०१९ पर्यंत दारे ठोठवावी लागली. एवढी वर्षे कागदासाठी घालवणे शहरातल्या, विमानच चालवणाऱ्या माणसाला इतके जड गेले, तर आठवी-दहावी शिकलेल्या खेड्यातल्या कारागिराने कुणाचे दार ठोठवायचे? त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, निदान आयटीआयमध्ये, अशा मुलांचे काम बघून सल्ला देणारा एक माणूस असावा, अशी आमची मागणी आहे. परवानगीचे पुढचे पुढे.

खाते विकले

बॉलच्या गोष्टीचा शेवटचा भाग सांगायचा राहिला. रेक्सॅम घेण्यासाठी कंपनीने मोठे कर्ज काढले होते, नवे कारखानेही कर्जावरच. २०२२ अखेर देणे नऊशे कोटी डॉलरच्या आसपास होते. कर्ज काढले तेव्हा ते स्वस्त होते, मग व्याजाचे दर चढले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की अवकाशाचे सगळे खाते ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्सला विकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५६० कोटी डॉलरला सौदा पुरा झाला. कर जाऊन हातात सुमारे साडेचारशे कोटी. त्यातून देणे उतरवले आणि भागधारकांना पैसे परत केले. आता बॉल फक्त डबेवाली आहे.

सदुसष्ट वर्षांचे खाते, दुर्बिणींचा मान, विकून टाकला. आमच्या भाच्याने विचारले, "मामू, हे बरोबर केले का?" आमचे मत असे. ते खाते एकूण विक्रीच्या आठव्या हिश्शाएवढेच होते, आणि देणे फेडायला चालते दुकान विकावे लागत असेल तर कर्ज काढतानाच चूक झाली होती. पण कर्ज डोक्यावर असताना मानापायी दोन्ही दुकाने धरून ठेवणे ही त्याहून मोठी चूक ठरली असती. दोन धंदे एका छपराखाली असले की एक दुसऱ्याला सांभाळतो असे आपण समजतो. कधी सांभाळतो, कधी एकाचे देणे दुसऱ्याला खाते. कापडासोबत बियाण्यांची एजन्सी, किराण्यासोबत ट्रॅक्टर अशी जोडदुकाने चालवणाऱ्यांनी दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवल्या तरच कोण कुणाला खाते ते कळेल. आमच्या वह्या २०१२ पर्यंत एकच होत्या.

गेल्या मोहरमपासून आम्ही आमच्या दुकानाची धोक्यांची वही केली आहे. एकच पान. एका गिऱ्हाइकाकडे उधारीचा किती हिस्सा अडकला आहे, कोणता माल सहा महिने हलला नाही, विम्याची तारीख, दुकानातली जुनी वायरिंग, कापूस पडला तर शेतकरी गिऱ्हाईक दिवाळीला येईल का, आमची तब्येत बिघडली तर चावी आणि हिशेब कुणाकडे. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने: हे झाले तर तोटा कुणाच्या अंगावर, आणि आधी काय करता येईल. वायरिंगची ओळ लिहिल्यावर त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलावले. उधारीच्या ओळीपुढचा दुसरा रकाना अजून रिकामा आहे. ते गिऱ्हाईक नात्यातले आहे.

गावातल्या एका वेल्डिंगवाल्यालाही आम्ही असेच पान करायला लावले. त्याने पहिली ओळ लिहिली ती गॅस सिलिंडरची, दुसरी डोळ्यांची, तिसरी मदतनीस पोराची, ज्याच्याकडे ना काळा चष्मा ना हातमोजे. मोजे आणि चष्मा पुसदहून आणून झाला आहे. पोराच्या अपघात विम्याची चौकशी चालू आहे. बँकेतून आणि पोस्टातून तो कसा काढतात, कोणते कागद लागतात, याची पुरी माहिती हाती आली की याच पानावर देऊ.